टेकडीला घर आहे? पाऊस लागायच्या आधी दरडीचा अंदाज कसा घ्यायचा, पायरी पायरीनं

दरड म्हटलं की आपल्याकडं लोक डायरेक्ट कोकणाकडं बोट दाखवतात. मराठवाड्यात पाऊसच कुठंय, वर्षाचे साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, त्यात निम्मे वर्ष टँकरच्या नादात जातात, आमच्या टेकड्या काय खचणार. पण ३१ ऑगस्ट २०२१ ला एका रात्रीच्या पावसात कन्नडच्या औट्रम घाटात ठिकठिकाणी दरडी आल्या, धुळे-सोलापूर हायवे बंद पडला अन् गाड्या अडकल्या, हे फार जुनं नाही. वर्षाचा एकूण पाऊस बघून डोंगर ठरवत नसतो, एका दिवसात किती पडला अन् तो कुठं मुरला हे बघून ठरवतो.

दुसरी गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. आपल्याकडच्या लाव्ह्याच्या खडकाचे थर जवळपास आडवे आहेत, एकावर एक रचल्यासारखे. अख्खा डोंगर घसरून गाव गाडलं असं माळीणसारखं इकडं क्वचितच होईल. इकडं पडतं ते बहुतेक माणसानं कापलेलं. घरासाठी पायथा उभा कापला, वर संडासाची सेफ्टी (सेप्टिक) टाकी बांधली, ओढ्यावर भराव टाकला, संरक्षक भिंतीची पाण्याची भोकं बुजवली. म्हणून टेकडी किती उंच आहे हे बघत बसू नका, पायथा कुठं कापलाय आणि पाणी कुठून येऊन कुठं जातंय हे बघा. संभाजीनगरची सातारा-देवळाईकडची डोंगरपायथ्याची वस्ती असो, हनुमान टेकडीचा भाग असो, तुळजापूर, अंबाजोगाई, माहूर असो, पद्धत तीच.

एप्रिल-मे मधे फिरा, गवत वाळलेलं असताना

पावसाळ्यात सगळं हिरवं झालं की भेगा दिसत नाहीत. उन्हाळ्यात टेकडी उघडी असते, सकाळी सातच्या आत निघा, सोबत ओळंबा, टेप, कोनमापक, ऑइलपेंट अन् मोबाईल एवढंच घ्या.

निघायच्या आधी घरी बसून गुगल अर्थ उघडा, त्यात जुन्या वर्षांचे फोटो मागं-मागं जाऊन बघता येतात. आज जिथं रो-हाऊस आहेत तिथं दहा-पंधरा वर्षांपूर्वी ओढा होता का, खदान होती का, ते स्पष्ट दिसतं. ओढा गायब झाला म्हणजे पाणी गायब झालं असं नाही, ते भरावाच्या पोटातून वाट काढत असतं. जिथं जुन्या फोटोत खदान दिसली अन् आता सपाट प्लॉट दिसतोय तिथं खूण करून ठेवा, ती जागा बहुतेक भरावाचीच असणार, बिल्डर काहीही सांगो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे भूकोश पोर्टलवर मिळतात, बघायला हरकत नाही, पण ते १:५०,००० या प्रमाणातले आहेत म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. तुमच्या घरामागचा पंधरा फुटाचा काप त्यात येणारच नाही. नकाशात आपला भाग रंगवलेला नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ काढू नका, ते नकाशे तालुका पातळीवर कुठं लक्ष द्यायचं यासाठी आहेत, गल्लीसाठी नाहीत.

काप वाचायला शिका

कुठंही जेसीबीनं टेकडी कापलेली दिसली की तिथं उभं राहून वरून खाली बघा, थर दिसतात. वर वीत-दोन वीत माती, कधी काळी कधी तांबूस. खाली मुरूम, हाताने चुरडता येतो असा. त्याच्या खाली मांजऱ्या (पाषाणापेक्षा मऊ खडक) किंवा काळा पाषाण. आणि नशीब खराब असेल तर दोन थरांच्या मधे विटकरी लाल पट्टा, गेरूसारखा. हा लाल पट्टा सापडला की तिथं थांबा. तो दोन लाव्ह्यांच्या मधला भाजलेला, कुजलेला थर असतो, कोरडा असताना बऱ्यापैकी टणक, भिजला की फुगतो, मऊ पडतो अन् वरचा खडक खालून पोकळ व्हायला लागतो. शिवाय वरच्या खडकाच्या चिरांतून उतरलेलं पाणी ह्याच पट्ट्यावर अडतं अन् कापातून पाझरून बाहेर येतं. पट्टा घराच्या गच्चीच्या उंचीला असेल आणि त्याच्यावर चिरा पडलेला काळा पाषाण पुढं आलेला असेल तर ते धोंडे गच्चीवर येणार, प्रश्न फक्त कोणत्या साली.

मुरमाबद्दल आपल्याकडं फार आंधळा विश्वास आहे. "मुरूम हाय, हालत न्हाई" हे वाक्य मी प्रत्येक वस्तीत ऐकतो. खरंय, कोरडा मुरूम उभा कापला तरी वर्षानुवर्षं भिंतीसारखा उभा ऱ्हातो, पण त्याला धरून ठेवणारी ताकद बरीचशी कणांमधल्या थोड्याशा ओलाव्याच्या ओढीची असते, पूर्ण भिजला की ती ओढ संपते. म्हणजे दहा दुष्काळी वर्षं उभा राहिला ही काही परीक्षा नाही झाली. मुरमात गोल गोल धोंडे अडकलेले दिसतात, कांद्यासारखी सालं सुटलेले, ते तर अजून वाईट, भोवतालचा मुरूम धुपला की सुटा धोंडा थेट खाली.

काळी माती असेल तर ऑगस्टच्या खंडात काय होतं ते बघा. वीस-पंचवीस दिवस पाऊस नाही, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मग सप्टेंबरात एकदम धो-धो. ते पाणी वरून वाहून जात नाही, भेगांतून सरळ खाली जाऊन मुरमाच्या डोक्यावर साचतं. म्हणून आपल्याकडं जून-जुलैपेक्षा परतीच्या पावसाला जास्त घाबरायला पाहिजे असं माझं मत आहे.

उतार मोजा, अंदाज नको

माणसाच्या डोळ्याला उतार नेहमी असतो त्यापेक्षा जास्त वाटतो, म्हणून मोजा. एक चार-पाच फुटाची सरळ पट्टी उतारावर ठेवायची, कंपासपेटीतला कोनमापक उलटा धरून त्याची सरळ कड पट्टीला लावायची अन् मधल्या बिंदूतून दोऱ्याला वजन बांधून सोडायचं. दोरा ९० वर आला तर जमीन सपाट, ६५ वर आला तर उतार २५ अंश. मोबाईलचं लेव्हल अ‍ॅप पण चालतं.

आता हा आकडा कशाला लागतो ते बघा. मुरूम किती कोनापर्यंत स्वतःच्या घर्षणावर टिकतो ते साधारण ३२ अंश धरू. टॅन ३२ ला टॅन २५ ने भागलं तर १.३ च्या आसपास येतं, एकच्या वर आहे म्हणजे कोरडा उतार टिकतो. आता तोच उतार पृष्ठभागापर्यंत पाण्यानं भरला अन् पाणी उताराच्या दिशेनं वाहायला लागलं की ही ताकद जवळपास निम्मी होते, ०.६७. एकच्या खाली. उतार तोच, माती तीच, फक्त पाणी. हे कच्चं गणित आहे, मुळांची आणि मातीच्या चिकटपणाची पकड ह्यात धरलेली नाही, म्हणून प्रत्यक्षात उतार लगेच पडत नाही, पण पाणी काढून देण्याला मी एवढं का महत्त्व देतोय ते ह्यातून कळावं.

राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत १:५ पेक्षा जास्त चढावर बांधकाम करायचं नसतं, म्हणजे साधारण ११ अंश. प्लॉट घेताना मोजून बघा, नंतर मोजून उपयोग नाही.

पाण्याचा हिशोब, इथं घाई करू नका

एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. तुमच्या कापाच्या वर पाच गुंठे टेकडी उतरत असेल तर एका रात्रीत पाच टँकर तुमच्या मागच्या भिंतीच्या डोक्यावर रिकामे होतायत असं समजा. ते जायला वाट कुठंय?

पावसाचं सोडा, वर्षभर मुरणारं पाणी पण शोधायचं. ह्यासाठी लोकांशी बोलावंच लागतं, अन् जास्त माहिती बायकांकडं असते कारण मागच्या बाजूला भांडी-धुणं त्याच करतात. "मावशी, ह्या कोपऱ्यातली ओल कधीपासून हाय?" विचारलं तर सांगतात, "आखाडात पाझर फुटतो बाबा, दिवाळीपर्यंत ऱ्हातोय." पाऊस संपल्यावर पण पाझर टिकतो म्हणजे वर मोठा साठा आहे. आणि पाझर ऐन उन्हाळ्यात पण असेल तर तो बहुतेक पावसाचा नाही, वरच्या कुणाच्या तरी टाकीचा आहे. वास घेतला की कळतं, हौदाचा का सेफ्टी टाकीचा.

आपल्या शहरांत नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं म्हणून प्रत्येक घराला जमिनीखाली हौद, अन् पाणी आलं की रात्री-अपरात्री हौद भरून वाहतोय अन् मालक झोपलेला. सपाट कॉलनीत ह्याचं काही नाही, टेकडीवर ते सगळं खालच्याच्या भिंतीत जातं. शोषखड्डा तर टेकडीवर नकोच, पाणी जमिनीत जिरवणं हेच त्याचं काम आहे.

आता एक बोलतो, काही जणांना पटणार नाही. पाणी अडवा पाणी जिरवा आपल्या अंगात भिनलंय, अन् भिनायलाच पाहिजे, दुष्काळ आपण बघितलाय. पण वस्तीच्या बरोब्बर वरच्या तीव्र उतारावर समतल चर खोदून पाणी जिरवणं मला मान्य नाही. ज्या टेकडीच्या पायथ्याला काप नाही, घर नाही, तिथं हवे तेवढे चर घ्या, झाडं लावा. जिथं खाली उभा काप आहे अन् त्याच्या बुडाशी माणसं झोपतात तिथं पाणी जिरवायचं नाही, काढून द्यायचं. एकच टेकडी असली तरी तिचा कुठला भाग जिरवायचा अन् कुठला वाहता करायचा हे आधी ठरवून मगच श्रमदानाला उतरा.

संरक्षक भिंत

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ ला आणि तीनच दिवसांनी मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत पडून माणसं गेली. दोन्हीकडं पडली ती भिंत, डोंगर नाही. भिंतीमागं पाणी कोंडलं तर किती रेटा येतो ते बघा, दहा फुटी भिंतीमागं काठोकाठ पाणी साचलं तर नुसत्या पाण्याचा रेटा प्रत्येक मीटर लांबीला साडेचार टनाच्या वर. वीस फुटी भिंत असेल तर दुप्पट नाही, चौपट. मातीचा रेटा वेगळाच.

म्हणून भिंतीत खाली पाइपाची भोकं ठेवतात, साइटवर सगळे वीप होल म्हणतात. ती भोकं एकेक करून बघा. काडी घालून बघा किती आत जाते. मी बघितलेल्या एका कॉलनीत भिंतीला रंग देताना ठेकेदारानं सगळी भोकं सिमेंटनं लिंपून टाकली होती, का तर उंदीर येतात अन् डाग पडतात, दिसायला भिंत एकदम भारी. वर त्याच भिंतीला चिकटून तीन घरांच्या सेफ्टी टाक्या. भिंतीच्या मधोमध हाताएवढा फुगवटा आलेला अन् त्या फुगवट्याखाली पोरं क्रिकेट खेळत होती, भिंतीवर स्टंप काढलेले. पावसाळ्यात ह्या भोकांतून पाणी यायलाच पाहिजे. बाहेर सगळीकडं चिखल अन् भोकं कोरडी, हे चांगलं लक्षण नाही, भोकं बुजलीत. अन् स्वच्छ पाणी येत असताना अचानक गढूळ यायला लागलं तर मागची माती धुऊन निघतेय.

फुगवटा मोजायला वरून ओळंबा सोडा, वर, मधे अन् खाली भिंतीपासून दोऱ्याचं अंतर मोजून भिंतीवरच ऑइलपेंटनं तारखेसहित लिहून ठेवा. भेग असेल तर दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधलं अंतर लिहा. लोक भेगेला प्लास्टर मारून मोकळे होतात, त्यानं भिंत सुधारत नाही, फक्त तुमचा पुरावा जातो.

वरच्या बाजूला काय बघायचं

कापाच्या डोक्यावर जाऊन चाला, कडेपासून लांबून. कडेला समांतर, कमानीसारखी वळलेली भेग दिसली तर ती नेहमीची उन्हाळी भेग नाही. उन्हाळी भेगा जाळीसारख्या सगळीकडं असतात, ही एकटीच लांब जाते आणि तिच्या खालची बाजू दोन-चार बोटं खचलेली असते. ही एक खूण सापडली तर बाकी यादी बाजूला ठेवा, आधी अर्ज द्या. लाइटचे खांब कलले, कुंपणाच्या तारा एकीकडं ताणल्या अन् दुसरीकडं ढिल्या पडल्या, घराचं दार एकाएकी घासायला लागलं, ह्या पण खुणा आहेत पण एकेकट्या पुरत नाहीत. नुसतं वाकडं झाड बघून काही ठरवू नका, ते बकऱ्यांनी खाल्लेलं पण असू शकतं.

खाली कोण आहे

धोका म्हणजे नुसतं दरड पडणं नाही, कुणावर पडणार ते पण. ओसाड खदानीचा कडा पडला तर धूळ उडेल, बाकी काही नाही. पहिल्या फेरीसाठी माझा ठोकताळा असा, काप किंवा कडा जेवढा उंच त्याच्या दुप्पट अंतरापर्यंतची घरं यादीत घ्यायची, तीस फुटाचा कडा असेल तर साठ फूट. ओढ्याचं तोंड असेल तर हा नियम सोडा, चिखल ओढ्यानं कितीतरी लांब जातो.

यादीत प्रत्येक घरापुढं लिहा की डोंगराकडच्या खोलीत रात्री कोण झोपतं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला रात्री गाडली गेली, माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी, माणसं घरात होती. आजी-आजोबा, बाळंतीण, चालता न येणारा माणूस मागच्या खोलीत असेल तर त्यांना पावसाळाभर पुढच्या खोलीत हलवा. ह्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

मग घरं तीन रंगांत टाका, गुण-बिण देत बसू नका. उभा काप आहे, पाण्याला वाट नाही अन् खाली माणसं झोपतात, तिन्ही असेल तर लाल. दोन असतील तर पिवळं. एक असेल तर हिरवं, पण दरवर्षी परत बघायचं. कमानी भेग, फुगलेली भिंत किंवा लाल पट्ट्यावर लोंबणारा धोंडा, ह्यातलं एक जरी असेल तरी सरळ लाल.

पाऊस स्वतः मोजा

बुडापासून तोंडापर्यंत सरळ असा डबा गच्चीवर मोकळ्यात ठेवा अन् रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा. बादली नको, ती वर रुंद असते, आकडा फुगतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाले की अतिवृष्टी धरतात हे सगळ्यांना माहितीय, नुकसानभरपाईमुळं तोंडपाठ आहे. पण मंडळाचं पर्जन्यमापक आठ-दहा किलोमीटर लांब असतं अन् आपल्याकडचा पाऊस शिंगाआड पडतो, बैलाचं एक शिंग भिजतं एक कोरडं.

दरडीसाठी किती? नेल केन या अभ्यासकानं १९८० मधे जगभरच्या नोंदी गोळा करून खालची मर्यादा काढली होती, तिच्या हिशोबानं तासाला १५, सहा तासांत साधारण ४५ आणि चोवीस तासांत साधारण १०० मिलिमीटर. ह्याच्या खाली उथळ दरडी फारशा दिसत नाहीत, वर गेलं म्हणजे पडतेच असंही नाही. तासाला १५ तर आपल्याकडं दर वळवाला होतो, तो सोडून द्या, सहा अन् चोवीस तासांचा आकडा धरा. आधीचा आठवडा भिजलेला असेल तर मी हे आकडे निम्मे करतो, हा माझा सावधपणा आहे, सरकारी नियम नाही. लाल घरांनी निम्म्या आकड्यालाच रात्रीपुरतं नातेवाइकाकडं किंवा शाळेत जावं.

मे संपायच्या आत करायची कामं

कापाच्या माथ्याच्या थोडं मागं पाण्याचा चर काढा, पण आतून सिमेंटचं अस्तर पाहिजे, कच्चा चर म्हणजे पाणी मुरवायची अजून एक सोय. तो चर धडपणे नाल्यापर्यंत न्या, शेजाऱ्याच्या डोक्यावर सोडू नका, भांडणं तिथंच होतात. वीप होल मोकळी करा. वरच्या भेगा चिकणमातीनं ठासून वर ताडपत्री टाका. माथ्यावरचे विटा-वाळूचे ढीग हलवा. सुटे धोंडे पहारीनं स्वतः काढायला जाऊ नका, खालची घरं रिकामी केल्याशिवाय अन् जाणकार माणूस असल्याशिवाय नाहीच.

फोटो, मापं अन् रंगवलेला नकाशा जोडून महापालिका किंवा नगरपालिका, तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, तिघांना अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं "धोका आहे साहेब" म्हटलं तर कुणी येत नाही, "फुगवटा मार्चमधे चार इंच होता, मेमधे पाच झाला" म्हटलं की फाइल हलते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं ऑफिस जिल्ह्याला असतं, तिथं भूवैज्ञानिक असतात, त्यांना जागा बघायची विनंती करा. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे, तिकडून पण सल्ला मिळू शकतो. लाल घरांसाठी शेवटचा शब्द त्यांचा, आपली पाहणी ही त्यांना बोलावण्यापुरती.

ऐन पावसात आणि नंतर

पाझर एकदम बंद झाला, पाणी गढूळ झालं, दगड घरंगळायला लागले, जमिनीतून करकर आवाज आला, तर सामान काढत बसायचं नाही. ओढ्याच्या वाटेनं खाली पळायचं नाही, उताराला आडवं, बाजूला निघायचं. जिल्हा कंट्रोल रूम १०७७, नाहीतर ११२.

अन् सकाळी उजाडल्यावर, दरड आलीच असेल तर, नगरसेवक सगळ्यात आधी जेसीबी पाठवतो पायथ्याचा राडारोडा उचलायला. तो उचलू देऊ नका. त्या ढिगानंच वरच्या अर्धवट सुटलेल्या भागाला टेकू दिलेला असतो, तो काढला की उरलेलं खाली येतं, अन् त्या वेळी खाली ड्रायव्हर अन् बघ्यांची गर्दी असते. पाऊस थांबून वरची भेग कुणी जाणकारानं बघेपर्यंत दोरी बांधा, रस्ता बंद ठेवा, अडकलेलं माणूस काढायचं असेल तर एक जण लांब उभा राहून फक्त वर बघत राहील अन् शिट्टी मारील असं ठरवून घ्या.